फडावरचं पाणी: ऊसतोड टोळीसाठी हात धुण्याचा फिरता स्टँड, हंगाम २०२४-२५च्या नोंदी

१५ ऑक्टोबर २०२४, जयसिंगपूर

साखरशाळा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा, चालवणाऱ्या संस्थेच्या बाई आज माझ्या फॅब्रिकेशनच्या दुकानात आल्या. ऊसतोड टोळ्यांसाठी हात धुण्याचा स्टँड हवा, फडावरून फडावर, म्हणजे तोडीच्या एका शेतातून दुसऱ्यात नेता येईल असा. आज जागतिक हात धुण्याचा दिवस आहे, हेही त्यांनीच सांगितलं. २००८पासून पाळतात.

मागणी दोन ट्रॅक्टर टोळ्यांसाठी. एका टोळीत नऊ कोयते, म्हणजे नवरा-बायको धरून अठरा माणसं, वर पोरंबाळं वेगळी. सगळी बीड जिल्ह्यातली. बाईंनी गेल्या हंगामात पाहिलेलं असं: न्याहारीला भाकरी सोडायच्या आधी हात वाढ्याच्या (उसाच्या शेंड्याच्या) पाल्याला पुसायचे, बायकांनी पदराला. उसाच्या पाल्याची टोचरी कूस, चिकट रस, पेटवलेला फड असेल तर काजळी, आणि त्याच तळहातावर चुना-तंबाखू मळलेली. टोळीत एकाला जुलाब लागले की आठवड्यात निम्म्या कोप्यांत (झोपड्यांत) लागतात. साबणाने हात धुण्याची सवय लागली तर जुलाबाचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं, हे आता जगभरच्या अभ्यासांतून पक्कं झालंय, असंही त्या म्हणाल्या. मला ते पटवायची गरज नव्हती. माझा प्रश्न पाण्याचा होता.

एक गोष्ट डोक्यात राहिली म्हणून लिहून ठेवतो. कारखाने अधिनियम १९४८च्या ४२व्या कलमात कामगारांना हातपाय धुण्याची सोय सक्तीची आहे. म्हणजे गेटच्या आत बॉयलरवरच्या माणसाला नळ आहे. त्याच कारखान्याचा ऊस पंधरा किलोमीटरवर तोडणारा माणूस मात्र कागदावर कारखान्याचा नसतोच, तो मजूर पुरवणाऱ्या मुकादमाचा असतो. त्यामुळे कलमही गेटपाशीच थांबतं.

२३ ऑक्टोबर

बाजारात काय मिळतं ते पाहिलं. लग्नकार्यात ठेवतात ती प्लास्टिकची बेसिनं महाग आहेत आणि फडातल्या ढेकळांवर सरळ उभी राहणार नाहीत. २०२०च्या करोनात गावोगाव ग्रामपंचायतींनी पायाने दाबायचे स्टँड घेतले होते, त्यातले दोन उघडून पाहिले. पेडलची पिन गंजलेली, टाकी कोरडी. सांगाडा अजून ठणठणीत. म्हणजे लोखंडाने कुठे दगा दिला नव्हता, टाकी भरणारं कोणी उरलं नव्हतं.

हिशेब मांडला. अठरा माणसं, दिवसातून तीन वेळा. साधा नळ सोडून धुतलं तर माणशी दीड लिटर कुठेच जात नाही: ८१ लिटर. नळ पायाने चालला, साबण लावताना बंद राहिला, तर अर्धा-पाऊण लिटर, म्हणजे तीस-चाळीस लिटर. म्हणून पन्नास लिटरचा निळा ड्रम धरून चाललोय.

५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. पहिला सांगाडा उभा केला. २५ बाय २५चा अँगल, चार पाय, ड्रमचं बूड जमिनीपासून मीटरभर वर. ड्रमला १५ मिमीचा पुश कॉक (बटण दाबून चालणारा नळ), आतून-बाहेरून रबरी वॉशर, धाग्यावर टेफ्लॉन टेप. पुश कॉकचं बटण दाबायला सायकलच्या ब्रेकची वायर वापरली. वायर खाली १० मिमीच्या सळईच्या पेडलला. वायर स्वस्त, कुठल्याही गावात सायकलच्या दुकानात मिळते आणि पोरं स्वतः बदलू शकतात. स्प्रिंगही ब्रेकचीच.

पाण्याची धार जोरात येत होती. मीटरभर उंचीवर ड्रम भरलेला असला की धार हातावर आपटून उडते आणि पाणी वाया जातं. नळाच्या तोंडात नायलॉनचा गोल तुकडा बसवून त्याला ४ मिमीची भोकं पाडली. आता एक लिटरची बाटली भरायला साधारण अर्धा मिनिट लागतो. हात धुवायला पुरे.

सांगाडा, बेसिन, पेडल मिळून अठरा किलो. ड्रम भरला की सत्तरच्या पुढे. दोघांना उचलायला जड आहे. पण रिकामा करून हलवायचा, असं सध्या धरलंय.

१९ नोव्हेंबर

टोळ्या अजून आल्या नाहीत. गाळपाला १५ तारखेपासून परवानगी आहे, पण उद्या विधानसभेचं मतदान. मुकादम फोनवर म्हणाला, "मिस्त्री, मत टाकूनच निघणार. गाडी २१ला भरती." कारखान्याची धुराडी पेटली आणि फडात कोयता नाही, अशी गत.

दरम्यान दुसऱ्या स्टँडला रेड ऑक्साइड मारला.

२६ नोव्हेंबर, नांदणी रस्ता

टोळ्या आल्या. माळावर कोप्या उभ्या राहिल्या: बांबू, चटई, वर प्लास्टिकचा कागद. पाण्याची सोय म्हणजे शेजारच्या मळ्यातली पाइप, तीही मोटर चालू असेल तेव्हा.

स्टँड आधी कोप्यांपाशी लावला. पोरांनी तासाभरात ड्रम रिकामा केला. पेडल दाबलं की पाणी येतं, सोडलं की जातं, याहून चांगलं खेळणं त्यांना मिळालं नसतं. आया ओरडल्या, मी ओरडलो नाही. हात धुतले गेले ते गेलेच. फक्त खाली चिखल झाला. माळावरची जमीन काळी, पाणी जिरत नाही. बेसिनचं पाणी पाइपने दहा फूट लांब नेऊन शोषखड्डा काढला, मीटरभर लांब-रुंद-खोल, तळात विटांचे तुकडे, वर खडी. नाहीतर डासांची पैदास आम्हीच केल्यासारखं झालं असतं.

३० नोव्हेंबर, धरणगुत्तीचा फड

पहिल्यांदा फडात. पहाटे सहाला टोळी पोचते. आठ-साडेआठपर्यंत तोड, मग न्याहारी. परत तोड, बारा-एकला दुपारची भाकरी. तीननंतर मोळ्या बांधून डोक्यावरून शिडीने ट्रॉलीत. ट्रॉली भरली की रात्री कारखान्याच्या यार्डात नंबर लावायचा.

स्टँड बांधावर, रस्त्याच्या कडेला लावला, कारण ट्रॉली तिथपर्यंतच येते. तोड फडाच्या आतल्या टोकाला चाललेली. मधलं अंतर अडीचशे पावलं असेल. न्याहारीला कोणी आलं नाही. दुपारी दोन बायका आल्या, त्याही बांधापलीकडे पोरगं झोपवलं होतं म्हणून.

मुकादम नाना माझ्याकडे बघून हसला. "मिस्त्री, हितं टनावर पैसे हायेत. जाऊन-येऊन पाच मिनटं म्हंजी एक मोळी गेली." एक जोडी दिवसाला दीड-दोन टन ऊस पाडते. त्यात पाच मिनिटांची किंमत मला समजते, मीही पीस रेटवर वेल्डर ठेवतो.

अमेरिकेत शेतमजुरांसाठी १९८७पासून नियम आहे: अकरा किंवा जास्त मजूर असतील तर दर वीस माणसांमागे हात धुण्याची एक जागा, आणि ती चालत पाव मैलाच्या आत, म्हणजे साधारण ४०० मीटर. माणसांचा आकडा आमच्या टोळीला चपखल बसतो. अंतराचा अजिबात बसत नाही. आमच्याकडे चाळीस मीटरही लांब आहेत. पाणी भाकरीच्या गाठोड्याशेजारी पाहिजे.

४ डिसेंबर

पाण्याचं खरं दुखणं आज कळलं. तोडीला आलेल्या उसाला शेतकरी आधीच पाणी बंद करतो, पंधरा-वीस दिवस अगोदर, साखर भरावी म्हणून. म्हणजे ज्या फडात टोळी उतरते, त्या फडात पाणी नसणार हे ठरलेलंच आहे. पाट कोरडा, ठिबकच्या नळ्या गुंडाळलेल्या. शेजारच्या शेतात मोटर असते, पण शेतीची वीज दिवसाचे आठ तास नाहीतर रात्रपाळी. या आठवड्यात रात्रीची आहे.

मग आज ड्रम भरला कोणी? दुसऱ्या टोळीतल्या एका जोडप्याच्या मुलीने. बारा-तेरा वर्षांची असेल. कळशीने, विहिरीवरून, चार खेपा. आईबाप कोयत्यावर, म्हणून तिच्याकडे. साखरशाळेत आज ती नव्हती, हे बाईंनी संध्याकाळी सांगितलं.

बाईंचं आणि माझं ठरलं की ड्रम पोरांनी भरायचा नाही. मुकादमालाही सांगितलं. तो म्हणाला, मग कोणी भरायचा? याचं उत्तर आज आमच्यापाशी नाही. तोवर स्टँडमध्ये पाणी कमीत कमी कसं लागेल एवढंच माझ्या हातात आहे.

८ डिसेंबर

ड्रम बाजूला ठेवला. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घेतला. झिम्बाब्वेत १९८०च्या दशकात निघालेली युक्ती आहे, टिपी-टॅप म्हणतात: कॅन दोरीने आडव्या काठीला टांगायचा, बुचाजवळ भोक पाडायचं, खाली पायाच्या काडीला दोरी बांधायची. काडी दाबली की कॅन कलतो आणि बारीक धार येते. पाय उचलला की कॅन आपला सरळ. नळ नाही, वॉशर नाही, गंजायला काही नाही.

भोकाचा आकार बघायला दुकानात बसून प्रयोग केले. खिळा तापवून भोक पाडलं की कडा ओबडधोबड होतात आणि धार फाटते, म्हणून ड्रिलने पाडलं. २ मिमीने पाणी फार बारीक, चिकट हाताला पुरत नाही. ४ मिमीने भसाभसा जातं. ३ मिमीची दोन भोकं, एकमेकांपासून बोटभर अंतरावर, हे जमलं. ओलं करणं, साबण, वीस सेकंद चोळणं आणि धुणं, सगळं मिळून माणशी पाव लिटरच्या आसपास.

आता तोच हिशेब: अठरा माणसं, तीन वेळा, पाव लिटर. साडेतेरा लिटर. वीस लिटरचा एक कॅन दिवसभर पुरून उरतो. ८१ लिटरवरून इथे आलो, आणि यात वेल्डिंगचा एक टाकाही नाही. फॅब्रिकेटर म्हणून थोडं वाईट वाटलं.

टांगायला तिकाटणं केलं: तीन बांबू, सहा-सहा फुटांचे, वरती नट-बोल्टने एकत्र, मिटले की एका हातात येतात. ढेकळांवर तीन पाय कधी डुगडुगत नाहीत, चार डुगडुगतात. वजन चार किलोच्या आत. बायका ते भाकरीच्या गाठोड्याबरोबर नेतात आणि जिथे बसतील तिथे उघडतात.

१२ डिसेंबर

साबण. एवढ्याशा वस्तूवर आख्खा दिवस गेला.

पहिली वडी कावळ्याने नेली. खरंच नेली, बांधावरून उचलून समोरच्या बाभळीवर. दुसरी मातीत पडून वाळूची झाली. आता लिंबू-कांद्याची नायलॉनची जाळी कापून तिच्यात वडी घालतो आणि तिकाटण्याला लोंबती बांधतो. जाळीवरूनच हात चोळायचा. फेसही लवकर येतो आणि वडी सुकी राहते.

दुसरं असं की शिरोळ भागात बोअरचं पाणी जड आहे. क्षारपड जमिनी इथे मैलोन् मैल पसरल्यात, त्यातलंच पाणी ते. साबण लावला की फेसाऐवजी पांढरी साय येते, हात चिकट ते चिकटच. टोळीतली एक मावशी म्हणाली, "आमच्याकडं अशानं हात धुतलेच म्हनत न्हाईत." कृष्णेच्या पाटाचं पाणी असेल तिथे तोच साबण छान फेसाळतो.

बोअरच्या पाण्यासाठी साबण-पाणी करून पाहिलं: दीड लिटरच्या बाटलीत ३० ग्रॅम कपड्याची पावडर, बुचाला सुईचं भोक, बाटली दाबायची. डिटर्जंटला जड पाण्याचं वावडं नसतं, फेस येतो. पण कोयत्याने आणि पात्याने चिरलेल्या हातांना ते झोंबतं. दोन पुरुषांनी परत हात लावला नाही. मग पावडरीऐवजी भांडी घासायचं लिक्विड पातळ करून भरलं. ते टिकलं. महाग पडतं, पण टिकलं.

चुलीतली राख? कोप्यांपाशी बायका राखेनेच हात घासतात, माझी आजीही घासायची. काहीच नसेल तर नुसत्या पाण्यापेक्षा राख बरी. फडात मात्र राख कोण नेणार, म्हणून तो विषय तिथेच राहिला.

१७ डिसेंबर

एका कंपनीच्या सामाजिक निधीतून सॅनिटायझरच्या बाटल्या द्यायचं कोणीतरी बोललं. पेटीच्या पेटी. बाईंनी मला विचारलं.

नको म्हणालो. सॅनिटायझर स्वच्छ दिसणाऱ्या हातावर चालतं. उसाचा रस, माती, काजळी थापलेल्या हातावर ते वरच्या वर फिरतं, खाली पोचत नाही. औषध फवारलेल्या पाल्याचा अंश असेल तर तोही निघत नाही, पसरतो. चिरांवर पडलं की आग. आणि तोड झालेल्या फडात पाचट पेटवतात, तिथे अल्कोहोलच्या बाटल्या कशाला न्यायच्या? त्याच पैशात साबण द्या म्हणून कळवलंय. साबणाच्या पेटीबरोबर फोटो तितकासा चांगला येत नाही बहुतेक, कारण अजून उत्तर नाही.

२४ डिसेंबर, अर्जुनवाड

आज वेळेवर पोचलो म्हणून बरं झालं.

पहिल्या टोळीचा वीस लिटरचा कॅन ट्रॉलीच्या चाकाखाली चिरडला. मुकादमाने शेतकऱ्याकडून दुसरा आणला. पांढरा, जाड, झाकण घट्ट. आमच्यापेक्षा चांगला. झाकण उघडलं आणि वासावरूनच कळलं: टूफोरडी. तणनाशकाचा कॅन. शेतकऱ्याने दोनदा धुतला होता, मनापासून दिला होता. लेबल निघालेलं, फक्त विषाच्या त्रिकोणाचा कोपरा राहिलेला.

असे कॅन शेतात पाण्यासाठी सर्रास वापरतात. प्लास्टिक औषध पितं आणि नंतर हळूहळू पाण्यात सोडत राहतं, दहा वेळा धुतला तरी. नियम असा की रिकामा डबा तीन वेळा विसळायचा, विसळलेलं पाणी फवारणीच्या टाकीतच घालायचं, मग डब्याला भोक पाडून निकामी करायचा. मी तिथेच स्क्रू-ड्रायव्हरने बुडाला भोकं पाडली. शेतकरी काका जरा नाराज झाले. चांगला डबा होता म्हणाले. होताच.

यापुढे प्रत्येक टोळीकडे एक जादा कॅन, खाद्यतेलाचाच, लाल रंगाचा पट्टा मारलेला. नाना सोडून दुसऱ्या कोणी कॅन बदलायचा नाही.

३ जानेवारी २०२५

फडावर गेलो तर तिकाटणं दिसेना. भाकरीच्या जागी नव्हतं. शोधलं तर उभ्या उसाच्या आत, दोन सऱ्यांच्या मधे उभं केलेलं, तिन्ही बाजूंनी जुनं लुगडं गुंडाळलेलं. मी मागे फिरलो.

बाईंनी नंतर बायकांशी बोलून सांगितलं. पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला, धुवायला दिवसभर जागा नसते. ऊस उभा असेल तोवर आडोसा असतो, तोड पुढे सरकली की सगळं माळरान. पहाटेच्या अंधारात बांधलेला कपडा संध्याकाळी कोपीवर सुटतो. लघवीला जावं लागू नये म्हणून कित्येकजणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांना तिकाटण्यात पहिल्यांदा असं काही मिळालं की जे कुठेही उभं राहतं, ज्याला लुगडं बांधता येतं आणि ज्यात पाणी टांगलेलं असतं.

बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर २०१९मध्ये राज्यभर गदारोळ झाला, शासनाने समिती नेमली. दुखणी सुरू होतात ती कुठून, याचं थोडंसं उत्तर त्या दोन सऱ्यांच्या मधे मला दिसलं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे यापुढे लिहीत नाही. लोखंड-बांबूचं माझ्याकडे आहे तेवढं करतो: प्रत्येक टोळीला दुसरं तिकाटणं, पायांना वर-खाली हुक, त्यात अडकणारा जाड, गडद रंगाचा कापडी पडदा, समोर उघडणारा. सहा फूट उंचीचा, म्हणजे उभं राहता येईल. आत पाच लिटरचा कॅन आणि एक बादली अडकवायला कडी.

हात धुण्याच्या निधीत पडदा बसत नाही, असं संस्थेच्या हिशेबनिसांचं म्हणणं पडलं. बाई म्हणाल्या, "स्टँडचं कव्हर" लिहा.

१४ जानेवारी

संक्रांत. फड चालूच. एका कॅनची दोरी झिजली होती, बदलली. तिळगूळ मिळाला.

२२ जानेवारी

दुसऱ्या टोळीतल्या एका पोराच्या डाव्या अंगठ्यावर कोयता बसला. खोल नव्हता. पूर्वी हळद किंवा तंबाखू दाबायचे. आज मावशीने आधी कॅनखाली धरून साबणाने धुतला, मग फडकं. धनुर्वाताचं इंजेक्शन नांदणीच्या आरोग्य केंद्रात. मी फक्त मोटारसायकल चालवली.

फडावर थांबलो असताना आणखी एक दिसलं. लोक कॅनचं पाणी पितात. बुच उघडून सरळ तोंडाला. हात धुवायचं वेगळं, प्यायचं वेगळं, हे आम्ही सांगून पाहिलं, पट्टे रंगवून पाहिले. तहान लागलेला माणूस पट्टे बघत नाही. मग ठरवलं की भांडणच नको, कॅनमध्ये प्यायच्या लायकीचंच पाणी भरायचं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून बाईंनी टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) मात्रा समजून घेतली. अर्ध्या तासानंतर ओटी टेस्टला (पाण्यातलं क्लोरीन तपासायची चाचणी) फिकट पिवळा रंग आला पाहिजे, म्हणजे लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक. नानाला रंग बघायला शिकवलं. त्याला हे काम आवडलंय. किट खिशात घेऊन फिरतो.

६ फेब्रुवारी

एवढे दिवस बघून जे दिसतंय ते लिहितो.

जेवायच्या आधी आता बहुतेक सगळे हात धुतात. त्यात आरोग्याचा विचार थोडा आणि कूस जास्त. पाल्याची कूस हाताला टोचत राहते, धुतली की भाकरी सुखाने खाता येते. याला माझी हरकत नाही. खाज हा आमचा सगळ्यात चांगला प्रचारक निघाला, पोस्टरपेक्षा कितीतरी.

तंबाखूच्या आधी कोणी धुवत नाही. मळायला कोरडा हात लागतो, ओल्या हाताला चुना चिकटतो. दिवसातून सगळ्यात जास्त वेळा हात तोंडाकडे जातो तो तंबाखूसाठीच, आणि नेमका तिथे आमचा स्टँड काही कामाचा नाही. मिश्री लावणाऱ्या बायकांचंही तेच.

शौचाहून आल्यावर: सकाळी अंधारात जातात, डबा घेऊन. स्टँड तेव्हा ट्रॉलीत बांधलेला असतो. कोपीपाशी एक कॅन कायमचा टांगून ठेवला, थंडीत तिथे पहाटे कोणी थांबेना. आता थंडी उतरली तसे थांबू लागलेत.

पहिला अठरा किलोचा लोखंडी स्टँड कोप्यांपाशीच आहे. बायका त्यावर भांडी वाळत घालतात. पेडल पोरांचं.

२० फेब्रुवारी

कारखान्याच्या शेती विभागात बसलो. एका टोळीचा खर्च मांडला: बांबू, बोल्ट, दोरी, कॅन, जाळ्या, पडदा धरून एकदाचे बावीसशे रुपये. साबण आणि लिक्विड महिन्याला साडेतीनशे-चारशे. साहेबांनी मान डोलावली, हे होण्यासारखं आहे म्हणाले. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडून काही मिळतं का तेही बघू म्हणाले.

मग मी पाणक्याचं काढलं. एका टोळीमागे एक माणूस, दिवसाला दोन वेळा पाणी आणून देणारा, मजुरी ठरवून. गावातलाच कोणी असला तरी चालेल, सायकलला चार कॅन लावले की दोन टोळ्यांचं काम होतं. सध्या पहिल्या टोळीत हे काम नानाचा भाचा करतो, हेल्पर म्हणून ट्रॅक्टरवर असतो तो, आणि दुसऱ्या टोळीत बायका पाळीपाळीने. बाया भरतात म्हणजे त्यांचा कोयता तेवढा वेळ थांबतो, आणि तोडीचे पैसे जोडीला मिळतात, म्हणून नवरे कुरकुरतात. परवा एकीने पाणी भरायची पाळी चुकवली तर त्या दिवशी कॅन कोरडा.

साहेब म्हणाले वस्तू देता येते, माणूस देता येत नाही. माणूस दिला की तो आमचा होतो.

बरोबर आहे त्यांच्या बाजूने. ४२वं कलम आठवलं, बोललो नाही.

४ मार्च

यंदा ऊस कमी, कारखान्याचा पट्टा लवकर पडला, म्हणजे हंगाम लवकर संपला. टोळ्या उद्या-परवा निघतील. बऱ्याच कोप्या उतरल्यात.

जमा: तिकाटणी चारही परत आली, एकाचा बांबू चिरलेला. पडदे दोन दिले होते, एक आला. दुसरा मावशीच्या गाठोड्यात गेलाय हे सगळ्यांना माहीत आहे, विचारलं नाही. कॅनपैकी निम्मे फुटले, तेवढे धरलेच होते. लोखंडी स्टँड साखरशाळेच्या दारात लावणार, तिथे नळ आहे.

पुढच्या हंगामासाठी:

बांबूऐवजी २० मिमीचा जीआय पाइप बघायचा, वजन साडेपाच किलोच्या आत बसलं तरच. नाहीतर बांबूच.

कॅनला दोन भोकं पाडण्याऐवजी बुचातच पाडावीत, म्हणजे कॅन फुटला तरी बूच नव्या कॅनला लागतं. तेलाच्या सगळ्या ब्रँडची बुचं एका मापाची नाहीत, हे आधी तपासणे.

पडदा प्रत्येक टोळीला दोन. खर्चाच्या यादीत पडदा म्हणूनच लिहायचा.

टायर बैलगाडीवाल्यांचं वेगळं आहे. गाडीवान एकटी-दुकटी जोडपी, त्यांना तिकाटणं नको, गाडीच्या जुवाला टांगायचा एकच कॅन पुरेल. एका गाडीवानाकडे नमुना दिलाय, बैल बुजतो का ते कळवेल.

पाणक्या: मुकादम आणि कारखाना यांच्यातला करार जुलै-ऑगस्टमध्ये होतो, उचलही (आगाऊ रक्कम) तेव्हाच वाटतात. पाणक्याची मजुरी त्या करारात एका ओळीने घालता येईल का, हे बाई आणि नाना मिळून बघणार आहेत. नाना म्हणाला, "मिस्त्री, ती वळ आदी लिवून घ्या, मग बांबू कापा." त्यामुळे जूनपर्यंत माल खरेदी थांबवली आहे.